खडूच्या डबीतल्या दोन क्लिपा

...आणि वर मलाच सगळे म्हणतात, "आरुषी, तू फार घाबरतेस!" मी घाबरत नाही हो, दचकते! फरक आहे की नाही? घाबरणारा घरात बसतो, दचकणारा घराबाहेर पडतो आणि वाटेत चारदा "आई गं!" म्हणतो. आता तुम्हीच सांगा, गाडी वळवली की पुढच्या चाकातून 'खर्रर्र' असा आवाज, जणू खाली कुणीतरी सापडलंय... कोण दचकणार नाही?

तर झालं असं, की इकडं कन्नड मुलखातच, अळणावर गावच्या कॉलेजात मला नोकरी लागली. इतिहास शिकवायचा, सोमवारी सकाळी साडेनऊला हजर! आमच्या घरात कॉलेजात शिकवणारी मी पहिली, त्यामुळे आईनं गल्लीत पेढे वाटले आणि मी खडूची डबी आणून कपाटाच्या दारावर शिकवायचा सराव केला. पण नवनगरातून अळणावर म्हणजे दोन बस, आणि दुसरी बस पहिलीची वाट बघेल असं काही त्यांच्यात ठरलेलं नाही! राहिली अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी. माझ्याहून पाचच वर्षांनी धाकटी. तिच्या चाकावर, मडगार्डच्या आत, ते काळं प्लास्टिक असतं ना, चिखल-दगड वर उडू नयेत म्हणून... गॅरेजवाले लायनर म्हणतात, मी अस्तर म्हणते... ते फाटून टायरला घासत होतं. एवढंच! पण अप्पांचा जन्म रेल्वे वर्कशॉपात गेलाय, ते गाडी कानानं बघतात. म्हणाले, "रविवारी मी शेजारी बसणार. एक जरी खर्र झालं, तर गाडी विकली. फाटकं प्लास्टिक चाकात गुंतलं, आणि रानातल्या त्या रस्त्यात तू एकटी..." पुढचं ते बोलत नाहीत. पुढचं मी बोलते, मनातल्या मनात, दिवसभर!

शनिवारी गेले कमरीपेठेत, मल्लाप्पाअण्णांच्या गॅरेजात. आमच्या मॉडेलचं अस्तर यायचंच बंद झालंय, म्हणून दुकानदारानं नव्या मॉडेलचं गळ्यात मारलं होतं, "एकाच घरातलं आहे मॅडम, बसतंय!" एकाच घरातलं! माझ्या आतेबहिणीचा ब्लाऊज मला बसतो का? भोकं दोन बोटं सरकलेली, कड लांब! पण मी शिकलेली ना, जुन्या अस्तरावर वर्तमानपत्र दाबून खाका काढून नेला होता, भोकांना लाल गोल करून. अण्णांनी तो लांब धरून बघितला. "छान आलीय अक्का, रांगोळी." पण त्याच खाक्यावरून भोकं पाडली, कड कापली, क्लिपा ठोकल्या, आणि दर 'टक्'ला मी दचकले. "अंजब्याडरी अक्का! घाबरू नका, प्लास्टिक आहे, वाघ नाही!" मी घाबरत नाही हो, दचकते!

बसलं झकास. आणि आता आमची दोघांची अक्कल बघा! अण्णांचा बोळ असा अरुंद, की गाडी सरळ आत घ्यायची आणि सरळ मागे काढायची; वीस वर्षांत त्या बोळात कुणी स्टिअरिंग वळवलेलं नाही! चाक सरळ असेपर्यंत सगळं मापात. बोळ संपला, रस्त्याला आले, स्टिअरिंग वळवलं... खर्रर्र! मी अशी दचकले की हॉर्नच दाबला, पुढचा सायकलवाला माझ्याहून दचकला, आणि त्यानं मला कन्नडमध्ये जे सांगितलं ते कुठल्याच वर्गात शिकवता येणार नाही.

घरी येऊन फोन केला. "अण्णा, खर्र!"

"वळवल्यावर ना?" ते शांतच. "हौदरी, होय की, वळवून बघायलाच विसरलो. उद्या गॅरेज बंद, पण मी येतो तिकडं."

आणि आले हो, सकाळी सकाळी, स्कूटरवरून, गरम हवेचं मशीन घेऊन! आईनं बाल्कनीतून वायर सोडली. अण्णा म्हणाले, "कुठं घासतंय ते टायरलाच विचारायचं. खडू आहे काय?" आहे काय म्हणजे? वर्गात इतिहासाचा एक शब्द लिहायच्या आधी माझे उरलेले सगळे खडू टायरला फासले गेले! "आता पूर्ण वळवा, हळू पुढं घ्या." घेतली. खर्रर्र! आणि काळ्या अस्तरावर पांढरा पट्टा उमटला, फळ्यावर उत्तर लिहावं तसा. तेवढीच जागा त्यांनी गरम केली, मागे दाबून धरली, ओल्या फडक्यानं गार केली. पुन्हा खडू, पुन्हा वळण, पट्टा बारीक. मग दुसरीकडे वळवून तेच. सात खेपा! आठव्यांदा... पांढरं टिंबसुद्धा नाही!

मग अप्पा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा काढून. चष्मा काढला की जास्त ऐकू येतं म्हणे! अमरगोळचं मार्केट यार्ड रविवारी रिकामं, तिथं नेलं. "वळव." उजवीकडे गोल. "वळव." डावीकडे गोल. अप्पांचे डोळे मिटलेले, मान तिरकी, आणि माझा श्वास बंद, कारण माझ्या श्वासाचा आवाज खर्र म्हणून धरला तर? सहा चकरा झाल्या. डोळे उघडून म्हणाले, "पेट्रोल भरून घे. आणि हॉर्नवरचा हात काढ." झालं! हीच परवानगी! आमच्याकडे याहून जास्त कौतुक नवरीचंसुद्धा होत नाही.

सोमवारी निघाले. आणि तुम्हाला सांगते... आवाजच नाही! पहिलं वळण, शांत. दुसरं, शांत. आता माणसानं काय समजावं? अस्तर गळून पडलं की काय? तीन वेळा उतरून चाकात वाकून पाहिलं! जागच्या जागी होतं. तरी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचले, तास घेतला, मुलांनी प्रश्न विचारले, त्यातला एक तर चक्क चांगला होता.

फक्त एक राहिलं. शनिवारी अस्तर ठोकून झाल्यावर अण्णांच्या हातात दोन क्लिपा उरल्या होत्या. "अण्णा, ह्या कुठल्या?" मी किंचाळलेच. "जादा आहेत अक्का. दर कामाला दोन उरतात." अहो, गाडी बनवणाऱ्यानं काय शोभेला दिल्या होत्या? मी त्या खडूच्या रिकाम्या डबीत घालून पुढं काचेपाशी ठेवल्यात. वळण आलं की खडखड वाजतात. मी दचकते. आता काय करणार... सकाळी एकदा दचकून घेतलं, की दिवसभर शिकवायला मोकळी!