दिवा मिटवून द्या

(सिल्वासा, आमली. फिटर विश्वनाथ आणि त्याची बायको मालती यांचं गॅरेज. दुपारचे बारा. पांढऱ्या मोटारीचे मालक उदय घड्याळ बघत उभे आहेत. मालती स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली आहे. विश्वनाथ बॉनेटमध्ये डोकं घालून आहे, त्याचा चेहरा दिसत नाही.)

उदय : ...एवढंच काम आहे हो ताई. डॅशबोर्डवरचा तो इंजिनचा दिवा तेवढा मिटवून द्या. इंजिन एकदम स्मूथ आहे.

मालती : स्मूथ? आत येताना उचकी लागल्यासारखी दचकत होती. आणि दिवा नुसता पेटला नाहीये, लुकलुकतोय. पेटून राहिला तर सवडीनं बघितलं तरी चालतं. लुकलुकला की गाडी हाकायची नसते.

उदय : सेन्सर असेल. आजकालच्या गाड्यांमध्ये सेन्सरच फार. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चार दिवसांनी नंबर लागतोय आणि मला तीनला निघायचंय. उद्या नाशिकला मुलीचा साखरपुडा. मिसेस, प्राजक्ता, सासूबाई, सगळे याच गाडीत.

मालती : जव्हारवरून जाणार?

उदय : जव्हार, मग त्र्यंबक. नेहमीचा रस्ता.

मालती : म्हणजे सगळा घाट. बरं, आधी कुणी हात लावलाय का गाडीला?

उदय : छे. आज सकाळीच पेटला. सोसायटीतून निघालो आणि पेटला. फर्स्ट टाइम.

मालती : नक्की? नाही, विचारलेलं बरं.

उदय : अहो, माझीच गाडी आहे. मी खोटं कशाला सांगू?

मालती : मग ही ओळ वाचा. वाचा ना, मराठी अक्षरं नाहीत, पण आकडा तर कळतो. बिघाडाचा शेवटचा कोड पुसला त्याला एकसष्ट किलोमीटर झालेत. दिवा आधी पेटला होता, तुम्ही कुणाकडून तरी पुसून घेतलात, आणि तो परत पेटला. पुसल्याचीही नोंद ठेवते हो गाडी.

उदय : ...हां, ते परवा वापीला एकानं बघितलं होतं. माझ्या लक्षातच नव्हतं.

मालती : लक्षात न राहणं तुमचं जुनंच आहे.

उदय : म्हणजे?

मालती : काही नाही. हे जॉबकार्ड घ्या. आमच्याकडे गाऱ्हाणं गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं लिहायचं असतं. लिहा, ‘बिघाड न काढता नुसता दिवा मिटवून द्यावा, असं मी सांगितलं.’ खाली सही.

उदय : एवढ्याशा कामाला सही? तोंडी सांगितलं ना मी. माझ्यावर विश्वास नाही का?

मालती : नाही.

उदय : हे बघा ताई, मी सायली गावातल्या एका युनिटचा प्लांट हेड आहे. दोनशे माणसं माझ्या शब्दावर चालतात.

मालती : माहितीये. त्याआधी खडोलीला दोऱ्याच्या कारखान्यात होतात. तिथंही माणसं तुमच्या शब्दावर चालायची. एक जण फारच चालला.

विश्वनाथ : मालती. कामाचं बोल.

मालती : कामाचंच बोलतेय. तुम्ही ती कॉइल काढा.

उदय : तुम्ही मला ओळखता?

मालती : तुमच्या गेटवर अकरा वेळा आले होते. हिरवी छत्री घेऊन उभी असायची ती बाई, आठवतेय? वॉचमन आत फोन करायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. अकराव्या वेळी तुम्ही गाडीतून माझ्या समोरून गेलात. काच वर होती.

उदय : माफ करा, मला खरंच...

मालती : आठवत नाही. आठवून देते, बसा त्या स्टुलावर. तीन वाजायला वेळ आहे. सात वर्षं झाली. तुमच्या प्लांटमध्ये गरम तेलाचा हीटर होता. त्याचा तांबडा दिवा पेटून मशीन बंद पडायचं. फिटरनं येऊन सांगितलं, साहेब, पंप तापतोय, उघडायला लागेल. तुम्ही काय सांगितलंत? माल रात्री निघायला पाहिजे, दिवा दाब आणि चालू कर. त्यानं विचारलं, लिहून देता का? तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, माझ्यावर विश्वास नाही का? मघाशी मला म्हणालात ना, तेच. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

उदय : ...विश्वनाथ?

विश्वनाथ : हां साहेब.

उदय : अरे, तू... तुम्ही इथं असता? मी ओळखलंच नाही.

विश्वनाथ : तेव्हा डोक्यावर हेल्मेट असायचं.

मालती : आणि दोन्ही हात सारखे असायचे. दाखवा त्यांना. बाही वर करा.

विश्वनाथ : राहू दे ना.

मालती : का राहू दे? चौथ्यांदा दिवा दाबला आणि पाइप फुटला. उकळतं तेल कोपरापासून मनगटापर्यंत. बोटं अजून मिटत नाहीत, भाकरी मी कुस्करून देते. मग चौकशी बसली. तिथं साहेबांनी सांगितलं, मी असं काही बोललोच नाही, फिटरनं आपल्या मनानं अलार्म बंद केला. हाताला पट्ट्या होत्या तेव्हा नोकरी गेली. ते एक वेळ गिळलं असतं. पण मेंटेनन्सवाल्यांचा तो ग्रुप आहे ना, सायली-खडोलीचा? त्यात तुम्ही टाकलंत, असल्या माणसाला घेऊ नका. सगळ्या गेटांवर एकच उत्तर. अलार्म दाबणारा फिटर नको बाबा. माणूस दार लावून घरात बसला, दोन वर्षं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही.

उदय : हे बघा, त्या वेळी मॅनेजमेंटचं प्रचंड प्रेशर होतं. माझ्या हातात काही नव्हतं. जे झालं त्याचं मलाही वाईट वाटतं.

मालती : कधी वाटलं? एकसष्ट किलोमीटरपूर्वी?

विश्वनाथ : साहेब, कॉइल गेलीये. तिसऱ्या सिलिंडरची पहिल्याला लावून बघितली, तर दोष पहिल्याला गेला. तिसऱ्याला ठिणगी पडत नव्हती. कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जात होतं.

उदय : मग? डेंजरस आहे का?

विश्वनाथ : सपाटीला निभतं. घाटात जोर पडला की सायलेन्सरमधली जाळी तापून लाल होते. खाली सुकं गवत असलं, तर...

उदय : तर काय?

विश्वनाथ : मीही तुम्हाला असंच विचारलं होतं, साहेब. पंप फुटला तर काय म्हणून.

मालती : आणि आता माझंही ऐका. तुम्ही गाडी आत घातलीत तेव्हाच मी ओळखलं होतं. स्कॅनर हातात होता. हे एक बटण दाबलं की दिवा गायब. तुम्हीच म्हणत होता, मिटवून द्या, मिटवून द्या. दाबलं असतं, चावी दिली असती आणि कुणी विचारलं तर सांगितलं असतं, साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. बोट टेकलं होतं माझं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, सासूबाई, प्राजक्ता. त्या पोरीनं माझं काय केलंय? एकटे असतात तर दाबलं असतं. खोटं नाही बोलत, दाबलंच असतं.

उदय : ...नवी कॉइल आहे का तुमच्याकडे?

विश्वनाथ : आहे. मालती, दे इकडे.

मालती : नाही. माझ्या पदरात बांधलीये आणि पदरातच राहील. आधी साहेब कागद लिहितील.

विश्वनाथ : असं नाही करायचं गं. गिऱ्हाईक आहे. घरात कार्य आहे त्यांच्या.

मालती : तुम्ही बोलू नका. तुम्ही गप्प बसलात म्हणून हात भाजला आणि मग गप्प बसलात म्हणून तोंडही काळं झालं. आज मी बोलणार. साहेब, मनाला येत नसेल तर टोइंगची गाडी बोलवा. वापीला न्या, दमणला न्या. आज रविवार आहे, जिथं मिळेल तिथून कॉइल आणा. मी अडवलं नाहीये.

उदय : ही सरळसरळ अडवणूक आहे.

मालती : आहे. अकरा वेळा गेटवर उभं राहून शिकले.

उदय : ...द्या कागद. काय लिहू?

मालती : जे घडलं ते.

उदय : ...हं. हे घ्या. बघा, चालेल का?

मालती : ‘सदर प्रकरणी काही गैरसमज होऊन त्रुटी राहून गेल्या.’ वा. ही चौकशीची भाषा चौकशीला ठेवा. दुसरा कागद घ्या. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, कुणी नाही म्हटलं होतं. माझ्या सासूला वाचून दाखवलं तर कळेल असं लिहा.

उदय : तुम्हाला कल्पना आहे का, हे बाहेर गेलं तर माझं काय होईल?

मालती : पुरेपूर. आमचं झालंय ते.

उदय : विश्वनाथ, तू तरी सांग त्यांना. आपण इतकी वर्षं एकत्र काम केलं.

विश्वनाथ : साहेब, मी रोज रात्री तो दिवा दाबतो. झोपेत. सात वर्षं. दाबताना तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही भिंतीकडे बघता. लिहा तुम्ही. मी थांबतो.

मालती : पेन चालत नसेल तर दुसरं आहे.

उदय : चालतंय.

मालती : सावकाश लिहा. खाडाखोड नको.

उदय : ...झालं. सही केली. तारीख टाकली. आता तरी द्या ती कॉइल.

मालती : हं. हं. बरोबर. हे असं सात वर्षांपूर्वी लिहिता आलं असतं. अहो, ही घ्या कॉइल. बसवा. नीट बसवा हं, यांची माणसं नाशिकला सुखरूप पोचली पाहिजेत.

विश्वनाथ : माझं काम मी नीटच करतो. तेव्हाही करत होतो.

उदय : तुम्ही फोटो कशाला काढताय?

मालती : त्याच ग्रुपवर टाकायला. माझा भाचा विशाल मेंटेनन्सला आहे, तो आहे त्या ग्रुपमध्ये. त्याला पाठवला. तो बघा, त्यानं टाकलासुद्धा.

उदय : अहो, असं काय करता? मला वाटलं, तुमच्या समाधानासाठी घरात ठेवाल. काढायला सांगा त्याला. आत्ताच्या आत्ता. उद्या व्याही येणार आहेत माझे, त्यांचीही खडोलीत फॅक्टरी आहे.

मालती : मग त्यांनाही कळेल.

उदय : हात जोडतो ताई. तो मेसेज पुसा.

मालती : पुसून काय होतं साहेब? परवा वापीला पुसलंतच की.

विश्वनाथ : साहेब, गाडी चालू करा. हां. रेस द्या थोडी. बघा, दचकत नाही आता. मालती, आता पूस कोड.

मालती : पुसला. दिवा गेला. जव्हारच्या अलीकडे एकदा थांबून बघा. पेटला तर पुढे जाऊ नका. हे जॉबकार्डवर लिहून दिलंय, माझ्या सहीनं. पोरीला आशीर्वाद सांगा.

उदय : तुम्ही फार वाईट केलंत.

मालती : केलं. आज रात्री पोटभर जेवीन.

विश्वनाथ : ...गेले?

मालती : गेले. काच वर करून गेले. आता काय, रागावलात माझ्यावर? गिऱ्हाईक तोडलं म्हणून?

विश्वनाथ : नाही. तो कागद कुठंय?

मालती : हा काय, माझ्याजवळ. वाचून दाखवू?

विश्वनाथ : दाखव. चष्मा आत राहिला.

मालती : ‘हीटरचा अलार्म दाबून मशीन चालू ठेवण्याचा आदेश मी, उदय, तोंडी दिला होता. पंप उघडावा लागेल, असं फिटर विश्वनाथ यांनी मला तीनदा सांगितलं होतं. चौकशीत मी खोटं बोललो.’

विश्वनाथ : मधलं परत वाच.

मालती : ‘फिटर विश्वनाथ यांनी मला तीनदा सांगितलं होतं.’ का, चुकलंय काही?

विश्वनाथ : नाही. चौकशीच्या कागदात नुसतं ‘फिटर’ लिहिलं होतं.