जामीन आन् जमीन

माहा जलम ढाणकीकडचा, लगन होऊन नेरकडं आली, आन् जलमभर कापूस येचला, निंदन केलं, मले कोर्ट कायले ठाव राहीन. आमचे हे लग्नाच्या बँडमधी क्लारनेट वाजवत. एका वरातीत मारामारी झाली, कोनाचं तरी डोस्कं फुटलं, आन् पोलिसानं बाजूले उभ्या असलेल्या यायलेच धरून नेलं.

काय सांगू ताई तुमाले, कोर्टात मले सारं सपनावानी वाटे. वरतं पंखा हळूहळू फिरे, खिडकीतून लिंबाची सावली येऊन भितीवर हाले, आन् लोक बोलत ते आपलीच मराठी, पन पान्याखालून बोलल्यावानी. यायले आरोपी म्हनत, मी मान खाली घालो. मंग आमची वकीलबाई म्हने, मावशी, आरोपी म्हंजे गुन्हेगार नाही, त्याच्यावर आळ हाय, शाबित कुठी झालाय. तवा मी मान वर केली.

मंग जजसाहेब म्हनाले, जामीन कोण देणार? मले आयकू आलं जमीन. मी उठूनच उभी राह्यली, म्हटलं साहेब, आमच्याजवय जमीन नाही, टिनाचं घर हाय, ते घ्या पन मानूस देऊन द्या. साहेबानं चष्मा काढला, म्हने, वकीलबाई, यांना नीट समजावून सांगा.

बाईनं लिंबाखाली बसवून सांगतलं, जामीन म्हंजे कोनी तरी म्हनावं, हा मानूस तारखेले येईन, नाही आला तं मी जबाबदार. तसं कोन म्हननार, सांगा? तांड्यावरची शेवंता माह्यासंग निंदाले ये, तिच्या नावानं थोडंसं वावर होतं, ते कोर्टाले चालत होतं. म्हटलं, शेवंते, हे पयून गेले तं? शेवंता म्हने, तुह्या हातची भाकर सोडून कुठी जाईन वो तो? आन् गेली, उभी राह्यली, आंगठा देला.

हे घरी आले, पन खटला चालूच. गेलो का तहकूब. तहकूब म्हंजे आज नाही, मंग कधी तरी. तसेच पावसाये गेले, उन्हाये गेले. निकालाच्या दिवशी साहेब म्हनाले, निर्दोष मुक्तता. शबूद समजले, पन ते आमच्याचसाठी हायेत हे ध्यानातच नाही आलं. हे तिथंच उभे, मी इथंच उभी, कोनी हालंना. शेवटी बाई म्हने, मावशी, घरी न्या न त्यायले.

आता दुपारी सोयाबीनच्या बांधावर डोया लागला का अजूनही तो पंखा फिरतानी दिसते, पन भेव नाही वाटत. भलं होवो तुमचं, ताई. कोनाचं मानूस तिथं उभं न राहो, आन् राह्यलंच तं त्याच्यासाठी उभं राहनारं कोनी असो.