ऊन तिला सोसलं न्हाई

आमी धनगर माणसं. सिद्धेश्वराच्या धरनाच्या वरल्या अंगाला आमचं गाव, बापाची मेंढरं, आजाचीबी मेंढरंच. तवा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, परभणीत होतो आमी, पन मेंढराला काय जिल्हा कळतंय, चारा दिसंल तिकडं निघायचं. मी बी असाच वाटंवर जन्मलो, औंढ्याच्या शिवारात, बाभळीखाली, माय सांगायची. तर ते ऱ्हाऊ द्या, तुमाला धुरपताचं ऐकायचं हाय.

धुरपता माझी बायको, माझ्या मामाची पोरगी. उपजतच पांढरी होती ती, केस, भुवया, पापन्या, सगळं पांढरं, आन अंग असं की आतलं रगत दिसावं. डोळे सारखे हलायचे, उन्हात तर उघडायचेच न्हाईत. कोनी म्हनायचं कोड हाय, कोनी म्हनायचं पोटुशी असताना मायनं सूर्याचं गिरान पाळलं न्हाई, मामीला लई बोलनं खावं लागलं. कोड नव्हतं ते, डॉक्टरनं मागून सांगितलं, अशा लेकराच्या कातडीत रंगच तयार होत न्हाई, उपजत असतंय, कुनाला लागत न्हाई. पन तवा कोन सांगनार. तिची सोयरीक कोनी करंना. सख्ख्या भावाची लेक, तरी माझी माय म्हनली, काहून करतो रं, तिला दिसत न्हाई, रानात कशी चालनार. म्या म्हनलं, मला हीच करायची. लई हसायची वो ती, काय सांगू तुमाला, त्या हसन्यावरच केली म्या.

घरात बस म्हनलं तर बसायची न्हाई. बसून खायला मी काय पाव्हनी हाय का, म्हनायची. बायांसंगं खुरपायला जायची, हळद काढायला जायची. सांच्याला तोंड, मान, हात लालभडक, फोड यायचे, सालपटं निघायची. मग माझी मायच लोनी लावत बसायची, आन लावता लावता शिव्या द्यायची, जाऊ नको म्हनलं तर ऐकत न्हाई म्हनून. पोरगी झाली आमाला, सावळी, माझ्यावानी. धुरपतानं तिला डोळ्याच्या पार जवळ धरून बघितलं आन म्हनली, बरं झालं, ही उन्हात जाईल.

पोरगी शाळंत जाया लागली तवा धुरपताच्या कानाच्या पाळीला खपली धरली. आमाला वाटलं उन्हाचीच असंल. खपली पडायची, रगत यायचं, फिरून धरायची. हळद लावली, कोनी पाला सांगितला तो लावला, एका डॉक्टरनं मलम देलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, जखम भरंना, उलट कडा जाड झाल्या, मधी फुलकोबीवानी वर आली, वास याया लागला. पोरीला त्या अंगाला निजू देत नव्हती ती.

मग काय झालं, हिंगोलीला डोळ्याचं शिबिर भरलं, मायला मोतीबिंदू होता, आमी तिघंबी गेलो. तिथली डॉक्टरीनबाई मायचा डोळा बघायचा सोडून धुरपताकडंच बघून राहिली. म्हनली, ताई, पदर काढा बरं. कान बघितला, मानंला दाबून गाठी चाचपल्या. कवापास्नं हाय हे? म्या सांगितलं. तर म्हनली, दादा, ही साधी उन्हाची जखम न्हाई, जी जखम महिना दीड महिना भरत न्हाई, रगत येतं, वाढतच जाती, तिचा तुकडा काढून तपासायचा असतो, नांदेडला जा, आजच जा. म्या धुरपताकडं बघितलं. ती म्हनली, आधी आत्याचा डोळा करून घ्या, मी थांबते चार दिस. आन थांबली खरंच.

नांदेडला तपासलं, कॅन्सर निघाला, कातडीचा. अर्धा कान काढला, मागची कातडी काढली, मांडीची कातडी तिथं लावली, मग मशिनीवर किरनांचा शेक देला. पट्टी सुटली तवा तिनं कान हात लावून बघितला, बराच वेळ बघितला, आन म्हनली, आता बाळी एकाच कानात घालीन. आन हसली. मी भायेर जाऊन रडलो.

डॉक्टर म्हनले उन्हात जायचंच न्हाई, लांब बाह्याचं पोलकं, छत्री, अंगावर कुठंबी नवं काई उठलं, तीळ वाढला, रंग बदलला, तर लगेच दाखवायचं. म्या मेंढरं भावाला देऊन टाकली. मेंढरामागं हिंडलो तर हिला सावली कुठून आननार? गावातच ऱ्हायलो, मिळंल ते काम केलं. दिस बुडला की ती घराभायेर निघायची. सारं गाव रानातून यायचं आन आमी दोघं धरनाकडं जायचो. काही वर्सं बरी गेली, लई बरी गेली.

मग मानंत गाठ आली. तशीच तिला औरंगाबादला नेली, फिरून आपरेशन केलं, पन छातीत उतरलं होतं म्हने. घरी न्या, म्हनले.

हिवाळा होता. एक दिस म्हनली, मला उन्हात बसवा. म्या म्हनलं, नको ना. तर म्हनली, आता काय व्हायचं ऱ्हायलं हाय? मायनंच अंगनात बाज टाकली. धुरपता डोळे मिटून, तोंड वर करून बसली, पोरगी पाठीमागून धरून. म्हनली, बरं वाटून राहिलं. माघात गेली ती.

पोरगी आता बारावीला हाय हिंगोलीला. माय गेली. मागच्या महिन्यात औंढ्याच्या स्टँडवर एक जोडपं बघितलं, बाप्याच्या कडंवर लेकरू, तसंच, पांढरं, उन्हानं डोळे मिटून घेतलेलं. मी जवळ गेलो, म्हनलं, बाबा, ह्याला उन्हात नका ठेवू, मोठ्या दवाखान्यात दाखवा, माझी बायको अशीच होती. बाप्या भडकला, आमच्या लेकराला काय रोग झाला का, जा तुमी आपल्या वाटंनं. बराबर हाय त्याचं, त्याला किती जनांनी काय काय ऐकवलं असंल. मी मागं सरलो. पन ती बाई माझ्याकडं बघत होती. तिनं त्याच्या कडंवरून लेकरू घेतलं आन भिंतीच्या सावलीला जाऊन बसली. लई वर्सं जगू दे देवा त्याला, म्या मनात म्हनलं, आन माझी गाडी लागली होती, मी जाऊन बसलो.