माझ्या पोरीचे छप्पन दात

अरे गंग्या, तुझ्या पोरीला दात तरी किती रे? मागच्या सीटवरून हिराआत्या ओरडली आणि अख्खी जीप हसली. जीप माझी, डोळखांब ते शहापूर. सीट नऊ, माणसं सतरा, एकदा तर बकरीसकट एकवीस नेली, कुरकुरली ती फक्त बकरी. बापानं जन्मभर भात लावला, मी स्टेरिंग धरलं, आणि माझं तोंड बंद पडलं तर इंजिनपण बंद पडेल असं आमची मंडळी म्हणते, ते खरंच हाय.

तर दात. माझी सायली दहावीला. दिवाळीनंतर शाळेचं नाव काढलं की हात गार, छातीत धडधड, श्वास मिळेना. महिनाभर शाळा बंद. कोण म्हणे बाहेरची बाधा, कोण म्हणे लग्न उरका. शेवटी शाळेतल्या बाई म्हणाल्या, शहापूरच्या दवाखान्यात मंगळवारी पोरांच्या मनाच्या डॉक्टरबाई येतात, आता ठाण्याला हेलपाटे नकोत, न्या तिला. नेली. पण जीपमध्ये काय सांगू? पोरीला वेडी म्हणतील ही धास्ती. मी आपलं ठोकून दिलं, दाढ किडलीय. पुढच्या मंगळवारी दुसरी दाढ, मग सुळा, मग हिरडी. अकराव्या मंगळवारापर्यंत, काय सांगू तुम्हाला, मगर लाजेल एवढे दात मी तिच्या तोंडात बसवले होते.

आणि पोरगी सुधरत होती हो! डॉक्टरबाईंशी तासभर बोलायची, येताना भजी मागायची, आठवड्यातनं चार दिवस शाळेत जायला लागली होती. पण त्या दिवशी जीप हसली आणि शेजारी बसलेली सायली हळूच म्हणाली, बाबा, खरं सांगा त्यांना. तुमालाच माझी लाज वाटत असंल तर पुढल्या मंगळवारी मी येणार नाय.

भर चढावर माझा पाय ब्रेकवर. बावीस वर्षं या जीपमध्ये बडबडलो, पण हे एक वाक्य कधी बोललो नव्हतो. मग मागं वळलो आणि म्हणालो, दात सगळे शाबूत हायत तिचे. तिला भीतीचा आजार झालाय, त्याच्या डॉक्टरकडं नेतो, आणि बरी होतेय पोर माझी.

सतरा माणसं माझ्याकडं बघायला लागली. कोणाच्या तरी पिशवीतली कोंबडीपण मान वर काढून बघत होती, देवाशपथ.

मग हिराआत्या पदर सारखा करत म्हणाली, मंगळवारीच असतात का त्या डॉक्टरबाई? आमच्या वैशूलापण आणायची हाय.