सुमनचा पाट

आम्ही घोटीच्या वरच्या डोंगरातले, भात आणि नागलीवर जगणारे, आणि मी आमच्या वाडीतली पहिली बी.ए., हे आधीच सांगते कारण मला त्याचा अभिमान आहे. नाशिकला होस्टेलात राहून शिकले, नोकरी केली, आज इंदिरानगरात स्वतःचं घर आहे. पण सांगायचंय ते माझं नाही, माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं.

आमच्यात नवरा मेला तर तरणी बाई बसून राहत नसे. वर्ष उलटलं की पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न, वाजंत्री नाही, भटजी नाही, चार पंच, एक लुगडं, नारळ, नव्या बांगड्या, झालं. कुणी नाव ठेवत नव्हतं. काय सांगू तुम्हाला, आजीचा पाट लागला म्हणून तर आमची आई जन्मली. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी ताठ मानेनं सांगायचे, तुमच्याकडे त्यासाठी सुधारक लागले, आमच्याकडे रीतच आहे.

मग भावानं रंगीत टीव्ही आणला, तो अंबडला कंपनीत होता. सगळी वाडी आमच्या पडवीत. मालिकांतल्या त्या बाया, झोपतानाही दागिने घालणाऱ्या, नवरा गेला की पांढरं नेसायच्या आणि सासूचे पाय चेपायच्या, आणि आई पदरानं डोळे पुसत म्हणायची, बघा गं, चांगल्या घरची बाई अशी ऱ्हाती. मी हसायचे. मला वाटायचं, बघतील आणि विसरतील.

त्यात ट्रॅक्टर उलटून सुमनचा नवरा गेला, ती माहेरी आली. वर्ष झालं, दीड झालं, आणि भातगिरणीतला किसन, त्याचीही बायको वारलेली, आपल्या मामाला घेऊन मागणी घालायला आला. सुमनला पसंत होता. तिनं बाजारात जाऊन हिरव्या बांगड्याही भरून घेतल्या होत्या, मला म्हणाली, आक्का, हसू नको हां. आले तेव्हा मालिका चालू होती. आईनं आवाजसुद्धा कमी केला नाही. जाहिराती लागेपर्यंत ते दोघं उंबऱ्याशी बसून, आणि जाहिराती लागल्यावर आई म्हणाली, आमच्यात नाय चालत तसलं. मामा हसायलाच लागला, अगं वैनी, तुझ्या आईच्या पाटाला माझा बाप पंच व्हता की. आई भडकली, ते अडाण्यांचं व्हतं, आता माझी लेक बीए हाय, घराला नाव हाय.

मी म्हटलं, आई, ती बीए मीच ना, मग मी सांगते, लाव पाट. ती म्हणाली, तू गप, तुला काय कळतं, लोकं शेण घालतील तोंडात. आणि पडवीतल्या बायका, त्यांच्यातल्या कितीतरी पाटाच्याच, माना हलवत होत्या. भाऊही आईच्याच बाजूचा. किसन चहा न घेता उठला, पुढं त्यानं दुसरीकडं पाट लावला. सुमननं बांगड्या फोडल्या नाहीत, साबण लावून एकेक काढल्या आणि माझ्या मुलीला दिल्या.

मी पुष्कळ भांडले. नाशिकला चल म्हटलं, मी लावते तुझं लग्न. ती म्हणायची, आईला कोण बघंल.

परवा मी वाडीला गेले होते, तेव्हा शेजारची सून आली सुमनकडं, तिशीही नाही बिचारीची, नवरा दारूनं मेला, माहेरचे पाट लावायचा म्हणतात, काय करू विचारायला. सुमन भाकरी थापत होती, मानही वर न करता म्हणाली, आपल्यात नाय चालत गं. ती पोर बरं म्हणून निघून गेली. मी तिथंच बसले होते, आणि एवढी शिकलेली मी, तव्यावरची भाकरी तेवढी उलटली. सुखी राहा म्हणते मनात दोघींना, दुसरं काय म्हणणार.