जामीन मोफत आहे

मंगळवार, सकाळचे सव्वादहा, पोलिस ठाण्याचं काउंटर. आणि सार्जंट ओचेफू मलाच विचारतो, "कागद आणलाय का?" अहो, तक्रार द्यायला आलो होतो मी, परीक्षेला नव्हे! पण तुम्हाला सांगतो, आमच्या बेन्वे नदीकाठी ठाण्यात जायचं तर कागद आपला, पेन आपलं, जीपमधलं पेट्रोलही आपलंच... त्यांची फक्त जीप. आणि डोक्यावर भला मोठा फलक: जामीन मोफत आहे!

या फलकानंच घात केला. सव्वीस वर्षं बातम्या लिहितोय, म्हटलं यावर एक झणझणीत लेख ठोकू. फोटो काढायला पाठवला तेर्सूला. आमचा छायाचित्रकार, गरीब माणूस, डाव्या बुटाच्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला, चालला की टक्-टक्... ऑफिसात सगळे हसायचे. शनिवारी दुपारी रस्त्यापलीकडून त्यानं फोटो काढला फलकाचा. आता फलकाखाली सार्जंट कुणाकडून काही घेत उभा असेल, तर त्यात कॅमेऱ्याचा काय दोष? उचलला तेर्सूला! मी पाठवला होता हो... मी.

रविवारी गेलो, "साहेब नाहीत." सोमवारी गेलो, "साहेब आहेत, पण नाहीत." मंगळवारी गेलो तर तेर्सूची बायको न्गुवान आधीच हजर, हातात झाकलेला वाडगा. कुटलेल्या कोनफळाचा गोळा, भेंडीचं कालवण. मला म्हणते कशी, "भाऊजी, काळजी नको. रोज दोन वेळा आणते, रोज वाडगा चाटूनपुसून रिकामा येतो. जेवतायत ना, म्हणजे बरे आहेत." सार्जंटनं वाडगा घेतला, काय ती माया! "आण वहिनी, आत पोचवतो."

मी कागद दिला, पेन दिलं (ते गेलंच), पेट्रोलचे नायरा मोजले. जीप साहेबांना आणायला म्हणून गेली आणि दीड तासानं परत आली ती साहेबांच्या सासूला आणि तिच्या तीन कोंबड्यांना घेऊन! कोंबड्याही उतरल्या त्या साहेबांच्या तोऱ्यात. मी आवाज चढवला. "आमच्या माणसाला कोर्टापुढे उभा करा, नाहीतर उद्या पहिल्या पानावर छापतो!" तेव्हा कुठे सार्जंट हात पुसत आतून आला, नोंदवही उघडली, बोट फिरवलं...

"तेर्सू? तो सुटला की, ओगा, मालक! शनिवारीच. संध्याकाळी सहा."

"सुटला? कुणी सोडवला? जामिनाचा कागद दाखवा!"

तर वर बोट करून फलक दाखवतो. "वाचता येतं ना, ओगा? जामीन मोफत आहे. फुकटच्या गोष्टीची पावती असते होय?"

न्गुवान हळूच म्हणाली, "मग... माझं जेवण कोण जेवलं?" सार्जंटच्या बोटांवर पाम तेलाचा लाल तवंग तसाच होता. त्यानं हात खिशात घातले.

आज बेचाळिसावा दिवस. पाच अर्ज केले, पाचही माझ्याच कागदावर. राजधानीतून चौकशी आली, जेवली, गेली. फलक मात्र नव्यानं रंगवलाय, छान निळा: जामीन मोफत आहे. न्गुवान अजून वाडगा घेऊन येते. मी सांगत नाही, येऊ नकोस म्हणून. मी कोण सांगणार?

एक मात्र आहे. आमच्या ठाण्यात एकच नियम काटेकोर पाळतात, कोठडीत जाताना बूट काउंटरखाली काढायचे, सुटताना घालून जायचे. वहीप्रमाणे तेर्सू शनिवारी सहाला चालत घरी गेला.

काल पेन पडलं म्हणून वाकलो. काउंटरखाली बूट होते. डाव्याच्या टाचेला टायरचा तुकडा.