इस्मेच्या नवऱ्याची बोट आणि आमचं तटरक्षक दल

...आणि वर मलाच म्हणतो, "टँटी, सरकारी कामात तोंड घालू नका!" अरे, तुझं सरकारी काम माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चालतं, मग मी काय खिडकीला खिळे ठोकून बसू? आमच्या बेटाचं तटरक्षक दल म्हणजे काय, तर माझ्या घराखालची ती निळ्या पत्र्याची कचेरी, तो धक्का, अकरा खलाशी आणि हा ल्यूशस! आज कमांडर झालाय, पण लहानपणी त्याचं वाहतं नाक मी माझ्या झग्याच्या टोकाने पुसलंय. सगळं बेट मला टँटी, म्हणजे मावशी, म्हणतं, तोही म्हणतो, आणि तरी मी बोलायचं नाही? का?

तुम्हाला सांगते, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशाकडे बोट नसेल असं कुणाला वाटेल का? बोट आहे हो, बोट नाही असं कोण म्हणतंय! एक सोडून तीन आहेत!

पहिली आली स्वातंत्र्याच्या वर्षी. जुने साहेब जाताना ठेवून गेले. तिकडच्या थंड समुद्रासाठी बांधलेली, त्यामुळे तिच्यात केबिन गरम करायचं यंत्र. ते बंदच होत नाही! इंजिन गेलं त्याला पंचवीस वर्षं झाली, यंत्र मात्र चालू. मी तिथे कपडे वाळवते... ल्यूशसला माहिती नाही, सांगू नका. दुसरी उत्तरेकडच्या त्या मोठ्या देशाने दिली. देखणी, पांढरीशुभ्र, बंदुकीच्या गोळीसारखी पळणारी, पण आमचं आख्खं बेट आठवड्यात जेवढं डिझेल जाळतं तेवढं ती तासाभरात पिते. म्हणून ती वर्षातून एकदाच निघते, स्वातंत्र्यदिनी, धक्क्यापासून बंदराच्या तोंडाशी खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या लाल पिंपापर्यंत आणि परत. बँड वाजतो, ल्यूशस सलाम ठोकतो, आम्ही टाळ्या वाजवतो. आणि तिसरी कुठल्याशा पूर्वेकडच्या देशाने पाठवली. तिच्यावरची अक्षरं आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाहीत. एकाने अंदाजाने एक बटण दाबलं, तर दोन दिवस भोंगा वाजत होता! तेव्हापासून ती ठोकळ्यांवर उभी आहे आणि आत कोंबड्या अंडी घालतात. बोट आहे हो...

मग तुम्ही विचाराल, इतकी वर्षं बुडणाऱ्यांना काढलं कुणी? फिट्झरॉयने! माझ्या शेजारणीच्या, इस्मेच्या नवऱ्याने. त्याची मासेमारीची हिरवी बोट, साधीच, पण इंजिन कसं, एका झटक्यात सुरू. बाकी कोळ्यांकडे नुसत्या वल्ह्याच्या होड्या. म्हणून ठरूनच गेलं होतं : कुणी हरवलं, की ल्यूशस चार खलाशी घेऊन इस्मेच्या दारात. "मिस इस्मे, फिट्झरॉयला म्हणावं बोट काढ." की फिट्झरॉय जेवणावरून उठायचा, इस्मे तळलेले मासे आणि पाव बांधून द्यायची, खलाशी बोटीवर सरकारी झेंडा लावायचे, आणि झालं तटरक्षक दल! एकोणीस वर्षांत तेवीस माणसं आणली त्याने. तेवीस! आणि एक बकरी.

तर गेल्या महिन्यात, मंगळवारी पहाटे फिट्झरॉय नेहमीसारखा उडते मासे धरायला गेला. दुपारी आला नाही. संध्याकाळी आला नाही. बुधवारी उजाडताच इस्मे कचेरीत गेली. मी सोबत होतेच, मला काय बोलवावं लागतं? टेबलामागच्या खलाशाने नाव, वय, बोटीचा रंग सगळं लिहून घेतलं, शिक्का मारला, म्हणाला, "काळजी करू नका बाई, लगेच कारवाई होईल."

आणि झाली हो, लगेच झाली! आम्ही घरी आलो, इस्मेने हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून पीठ मळायला घेतलं, तोच दारावर टकटक. बघते तर ल्यूशस! मागे चार खलाशी, अंगात नारिंगी जाकिटं, एकदम तयार.

"मिस इस्मे, घाई आहे. फिट्झरॉयला म्हणावं बोट काढ. एक माणूस हरवलाय."

इस्मेचे हात पिठातच राहिले. "कोण हरवलाय, ल्यूशस?"

त्याने खिशातून कागद काढला आणि मोठ्याने, कमांडरच्या आवाजात वाचायला लागला. "नाव फिट्झरॉय... वय चौपन्न... बोट हिरव्या..." आणि तुम्हाला सांगते, तो आवाज असा खाली खाली गेला, जसं फुटक्या भोपळ्यातून पाणी गळावं. तरी मागचा एक खलाशी, मठ्ठ मेला, विचारतोच आहे, "मग ते साधारण किती वाजता येतील?"

इस्मे हसायला लागली. हसत हसत खाली बसली, आणि मग जी रडली ना... मी तिच्या आईच्या मरणातही तिला तशी रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "ल्यूशस, तुझ्याकडे तीन बोटी आहेत ना रे?" तर खाली मान घालून म्हणतो, "आहेत ना टँटी, बोट नाही असं कोण म्हणतंय..."

पण गाव हललं, खोटं कशाला बोलू? बसवाल्याने बसमधलं डिझेल काढून दिलं, दवाखान्याने जनित्रातलं दिलं, पाद्रीबाबांनी सुद्धा डबा भरून आणला. पांढरी बोट भरली. दुपारी आख्खं बेट धक्क्यावर! ल्यूशस स्वतः सुकाणूवर. इंजिन धडाडलं, इस्मेने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बोट निघाली, सुसाट, लाल पिंपापाशी पोचली... आणि वळली!

हो, वळली! अहो, वीस वर्षं त्याने दुसरं काही चालवलंय का? लाल पिंप आलं की हात आपोआप सुकाणू फिरवतात! बोट फेसाचं मोठं वर्तुळ काढून परत धक्क्याकडे, ल्यूशस ताठ उभा, उजवा हात कपाळाला. सलाम! आणि आमच्यातल्या दोघातिघांनी, देवा क्षमा कर, टाळ्या वाजवल्या. त्याला चूक कळली, तो पुन्हा पिंपाकडे वळला, आणि तिथेच डिझेल संपलं. चार वल्ह्याच्या होड्या जाऊन कमांडरला ओढून घेऊन आल्या. इस्मे घरी गेली आणि ते मळलेलं पीठ कोंबड्यांना टाकलं.

नंतरचे दोन दिवस मी कसे काढले मला विचारू नका. ती एका खुर्चीत, मी दुसऱ्या. सूप गरम करायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा गरम करायचं.

शुक्रवारी फोन आला. फिट्झरॉय जिवंत! इंजिन बंद पडून वाहत वाहत शेजारच्या मोठ्या बेटाला लागला होता. एकाही बोटीने शोधला नाही, स्वतःच सापडला. शनिवारच्या जहाजातून उतारूंबरोबर उतरला, ओठ फुटलेले, कातडी सोललेली. इस्मेने आधी एक मुस्काटात दिली आणि मग ती त्याला सोडेचना. मीही रडले, का नाही रडू?

पण बोट? तर झालं असं, की पलीकडच्या अधिकाऱ्याचा फोन ल्यूशसने घेतला. त्याने विचारलं, ही हिरवी बोट कुणाची? आता एखाद्याने गपचूप म्हणावं, कोळ्याची आहे, पाठवून द्या. पण नाही! बोट मानाने परत यावी म्हणून आमचा कमांडर छाती काढून म्हणाला, "ती आमच्या तटरक्षक दलाची आहे!" झालं! पलीकडचे म्हणाले, परक्या देशाची सरकारी बोट, न विचारता आमच्या हद्दीत? जप्त! आता दोन्हीकडचे मंत्री पत्रं लिहितायत. फिट्झरॉय दिवसभर पायरीवर बसून जाळं विणतो, म्हणजे विणलेलंच उसवतो आणि पुन्हा विणतो. इस्मे म्हणते, "टँटी, निदान घरी तरी आहे." आणि बोलता बोलता समुद्राकडेच बघते, कारण तिचे दोन भाऊ अजून रोज जातात ना.

मी कालच ल्यूशसला विचारलं, आता कुणी हरवलं तर काय रे? तर तेव्हाच म्हणाला, सरकारी कामात तोंड घालू नका. पण आज सकाळी त्याने धक्क्यावर पाटी लावली, स्वतःच्या हाताने रंगवून : "पुढील सूचना मिळेपर्यंत नागरिकांनी समुद्रात हरवू नये."

आम्ही सगळ्यांनी वाचली. कोळ्यांनी टोप्या काढून वाचली, आणि गेले मासे धरायला.